धाकटीची नोंद

५ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची. बस उशिरा आली आणि ताई त्याच्याही आधीपासून स्टँडवर उभी. माझ्या हातातली मोठी बॅग तिने हिसकावूनच घेतली. मी चाळिशीला टेकले तरी तिच्या लेखी अजून दुसरीतच आहे. रस्ताभर तिची टकळी चालू होती. कॉलेजातली तुझी नोकरी कायम होणार, साहेब भला माणूस आहे, पोरं आळशी आहेत पण वाईट नाहीत, आणि मुख्य म्हणजे आता आपण दोघी एका छपराखाली.

छप्पर छान आहे. तिच्या घराची वरची खोली तिने माझ्यासाठी रिकामी केली आहे. खाली ती, वर मी, मध्ये लाकडी जिना, ज्याची प्रत्येक पायरी वेगळ्या सुरात कुरकुरते. खिडकीतून कॉलेजची मागची भिंत आणि ग्रंथालयाच्या काचा दिसतात. पलंगावर नवी चादर, टेबलावर नवा दिवा आणि दिव्याखाली ही वही. पहिल्या पानावर ताईच्या टपोऱ्या अक्षरात: धाकटीस, ताईकडून. नव्या गावात मन मोकळं करायला कुणी नसतं, तर वहीशी बोलत जा, म्हणाली. मी म्हटलं, तू आहेस की. त्यावर ती हसली आणि चहा टाकायला गेली.

वहीबाबत माझा एक नियम आहे. यात कुणाचंही नाव लिहायचं नाही, माझंसुद्धा. इतकी वर्षं पोरांना बजावते आहे, की खाजगी माणसांबद्दल लिहिताना नावं गाळा, कागदाला पाय असतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान असं व्हायला नको.

संध्याकाळी आईकडे फोन केला. बबडी तिच्याकडे आहे. शाळेचं वर्ष अर्ध्यात मोडायला नको म्हणून सुटी लागेपर्यंत तिथेच राहील, मग मी जाऊन घेऊन येईन. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही मायलेकी कधी वेगळ्या राहिलो नव्हतो, त्यामुळे बसमध्ये मी तीनदा तिचा फोटो काढून पाहिला. ती मात्र मजेत. फोन घेतल्या घेतल्या आमचा नेहमीचा खेळ. कोण बोलतंय? तुझी आई. कशावरून? हे ‘कशावरून’ मीच तिच्या तोंडी बसवलं, आता माझं मीच भोगते. उत्तर ठरलेलं आहे: कारण तुझ्या डाव्या कानामागे केसांत लपलेला तीळ आहे, आणि तो फक्त आईला माहीत. मग ती खुदकन हसते आणि दार उघडावं तशी बोलायला लागते. आज दात हलतो आहे म्हणाली. मी येईपर्यंत पाडू नकोस, असं सांगून ठेवलं आहे.

७ जानेवारी, बुधवार

ग्रंथालय आवडलं. खाली वाचनकक्ष, वर माझा वर्ग. वर्गात संगणकांच्या रांगा, त्यांवर घरी शिवल्यासारखी कापडी झाकणं. प्रोजेक्टरच्या चित्राचा एक कोपरा पिवळा पडतो, तिथे काय लिहिलंय ते अंदाजाने वाचायचं.

माझं काम सांगायला सोपं आहे. पोरांना नीट शोधायला शिकवायचं. इंटरनेटवर, डेटाबेसात, जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या पानांत. आणि सापडलेलं कुणी लिहिलं, कुठून उचललं, खरं की बनावट, हे तपासायला शिकवायचं. शोधणं हल्ली कुणालाही येतं. तपासायला सांगितलं की जांभया येतात.

मुख्य ग्रंथपालांना इथे सगळे साहेब म्हणतात. गोड माणूस, पण थापाडे. चहाच्या वेळी मला सांगितलं, की त्यांचं बालपण समुद्रकाठी गेलं, चालायच्या आधी पोहायला शिकले. जेवणाच्या वेळी शिपायाला सांगत होते, की नोकरी लागेपर्यंत समुद्र पाहिलाच नव्हता. थाप मारावी, पण लक्षात तरी ठेवावी, असं मी ताईला म्हटलं. ताई हसली नाही.

माझ्या टेबलाच्या खणात कुणाचा तरी चष्मा सापडला. माझ्या आधी हा वर्ग कोण घ्यायचं, असं साहेबांना विचारलं, तर म्हणाले कुणीच नाही, वर्ग नवाच आहे. पण कपाटात सरावाच्या कागदांचा गठ्ठा आहे आणि त्यावर तिसरी आवृत्ती असं छापलं आहे. साहेबांनी गंमत म्हणून तो चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या कागदांतलं बारीक अक्षर घडाघडा वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ हातात धरून बसले.

ताईचं टेबल खाली, वाचनकक्षाच्या कोपऱ्यात आहे. तिचं काम नोंदी जुळवण्याचं. एखादा लेखक कधी पूर्ण नावाने लिहितो, कधी नुसत्या आद्याक्षरांनी, आणि कॅटलॉगमध्ये एका माणसाची दोन माणसं होतात. ताई त्यांचं परत एक माणूस करते. एक नाव ठेवते, दुसऱ्यापुढे लिहिते ‘पाहा’, आणि पहिल्याकडे बोट दाखवते. दुसऱ्या नावाखाली मग काहीच उरत नाही. जोडायचं असो की जोडलेलं तोडायचं असो, तीन पुरावे लागतात, हा इथला जुना नियम. इथे जुळलेली नोंद आजूबाजूची सगळी ग्रंथालयं, कॉलेजं, शाळा आपोआप उतरवून घेतात. मी इथे कळ दाबते आणि सगळीकडे तेच खरं होतं, म्हणाली. बारावीनंतर तिला पुढे शिकता आलं नाही. बाबा अंथरुणाला खिळले होते, घरात कुणीतरी हवं होतं. त्या मानाने तिने इथे स्वतःची केवढी जागा केली आहे. मला अभिमान वाटला, तसं तिला म्हटलंही.

१२ जानेवारी, सोमवार

पहिला तास. पोरं मागच्या बाकांपासून भरत येतात, सगळीकडे तसंच असतं. मी त्यांना दोन नियम दिले. पहिला: तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकच गोष्ट सापडली तरच ती धरायची. दुसरा: माणूस स्वतःबद्दल स्वतः जे सांगतो तो पुरावा नव्हे. स्वतःच्या तोंडाने कुणीही राजा होतो.

एक मुलगी हात वर करूनच बसली होती. उंच, जाड वेणी, वहीच्या समासात प्रश्नचिन्हांची रांग. तिचं नाव मी मनात शंकासुर ठेवलं आहे. तिने विचारलं, मॅडम, हातच्या कांकणाला आरसा कशाला? जे समोर दिसतंय त्याला पुरावे कशाला गोळा करायचे? मी म्हटलं, इथे कांकणालासुद्धा आरसा लागतो, आणि तोही तीन बाजूंनी. वर्ग हसला. तिने ते लिहून घेतलं.

सराव काय द्यायचा हे ताईने सुचवलं होतं. पोरांना कंटाळवाणे विषय नको देऊस, म्हणाली, तूच विषय हो. मास्तरांची कुंडली काढायला कुणाला आवडत नाही? कल्पना मला पटली. फळ्यावर माझं नाव लिहिलं आणि सांगितलं, की ही बाई कोण, कुठे शिकली, काय लिहिलं, सगळं शोधून आणा. मला मात्र विचारायचं नाही.

परतताना ताईचा हात धरून रस्ता ओलांडला. लहानपणची सवय.

१९ जानेवारी, सोमवार

पोरांनी कमाल केली. माझे शोधनिबंध काढले, पीएच.डी.चा प्रबंध काढला, शाळेच्या वार्षिक अंकातली माझी एक भयंकर कवितासुद्धा काढली आणि मोठ्याने वाचली. आणि वाटेत त्यांना ताई सापडली. आम्हा दोघींची आद्याक्षरं सारखी, वडिलांचं नाव एक, आडनाव एक. माझ्या सगळ्या लेखांवर माहेरचंच नाव आहे आणि ताईने लग्न केलं नाही. अर्धे लेख नुसत्या आद्याक्षरांनी छापलेले.

शंकासुराने विचारलं, मॅडम, या दोन बायका आहेत हे कशावरून?

मला इतका आनंद झाला. असा प्रश्न विचारणारं पोर वर्षातून एखादं भेटतं. मी म्हटलं, शाब्बास, हाच पुढचा सराव. एक बाई की दोन, सिद्ध करा. आणि मी म्हणते म्हणून दोन धरू नका, नियम आठवा.

घरी येऊन ताईला सांगितलं. तिने विचारलं, मग काय ठरलं? मी म्हटलं, ठरेल पुढच्या आठवड्यात. भाजी निवडता निवडता ती गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी किती वर्षांनी ऐकलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज दुपारी काही संदर्भ हवा होता म्हणून माझाच प्रबंध उघडला. पहिल्या पानावर ताईचं नाव.

आधी हसू आलं. स्कॅन करताना घोळ झाला असेल म्हटलं. पण छापील प्रत मी बॅगेत बरोबर आणली आहे, घरी येऊन ती काढली. काळ्या कापडी पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात ताईचं नाव. अर्पणपत्रिका मात्र माझीच आहे: बाबांना, ज्यांनी मला घराबाहेर ढकललं. ताईला बाबांनी कधीच घराबाहेर ढकललं नव्हतं. ती त्यांच्या उशाशी बसून होती.

ताईला दाखवलं. तिने चष्म्यावरून बघितलं, नोंदी कधीकधी गुंततात, मी बघते, म्हणाली. मी म्हटलं, नोंद गुंतेल, पुठ्ठ्यावरची अक्षरं कशी गुंततील? तू दमली आहेस, म्हणाली. कपाळाला हात लावून पाहिला. तिचा हात थंड होता आणि मला बरं वाटलं, हे मी लिहून ठेवते, कारण मला खरंच बरं वाटलं होतं.

२७ जानेवारी, मंगळवार

काल झेंडावंदनाची सुटी, म्हणून तास आज. वर्गाने निकाल आणला. एकच बाई. तीन पुरावे: माझ्या विद्यापीठाची यादी, माझ्या शाळेचं संकेतस्थळ, आधीच्या कॉलेजचं कर्मचारी-पान. तिन्हीकडे एकच बाई, आणि ती ताई. फोटोसुद्धा तिचा. बक्षीस समारंभाचा जो फोटो आईच्या घरी भिंतीवर आहे, ज्यात मी लाल साडीत उभी आहे, त्यात लाल साडीत ताई.

मी म्हटलं, अरे, मग मी कोण? पोरांना तो विनोद वाटला. शंकासुर हसली नाही. तिने समासात एक प्रश्नचिन्ह काढलं.

माझं ग्रंथालयाचं लॉगिन आज चाललं नाही. साहेब म्हणाले, होतं असं, ताईंना सांगा.

२९ जानेवारी, गुरुवार

आईला फोन केला. ती आधी ताईबद्दल बोलत राहिली. मग म्हणाली, तुझ्या ताईची लेक फार गोड बोलते हो, सारखी आईची वाट बघते. मी विचारलं, कुणाची लेक? आई म्हणाली, बबडी गं, आणखी कोण? तुला भाचीचं नावसुद्धा आठवेना का आता?

आईचं वय झालं आहे. माणसं अशी अदलाबदल करतात. मी बबडीला फोन द्यायला सांगितलं. ती खेळायला गेली होती. तिचा दात पडला म्हणे. ताईने फोनवरूनच तिला धीर दिला.

ताई कधी फोन करते?

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळचा तास मी घेतला नाही. साहेबांच्या संगणकावर बसले. जे पोरांना शिकवते तेच केलं. तीन पुरावे तिन्ही वेगळे आहेत का, ते तपासलं. कुठून उचलले, कधी बदलले, कुणी बदलले. माग काढत गेले. विद्यापीठाने माहिती आमच्या कॅटलॉगवरून उतरवली. शाळेनेही. आधीच्या कॉलेजनेही. तीन आरसे, आणि तिन्हींत एकच कांकण. तिन्ही ठिकाणची मूळ नोंद एका टेबलावरून निघालेली. प्रत्येक बदलापुढे त्या टेबलाचा सांकेतिक क्रमांक असतो.

कोपऱ्यातलं टेबल. माझ्या ताईचं.

पहिला बदल मी यायच्या आधीचा आहे. म्हणजे ती नवी चादर पसरत होती, दिवा आणत होती, आणि त्याच आठवड्यात हेही करत होती. नियमातल्या तीन पुराव्यांवर पोरांचं शिक्कामोर्तब तेवढं बाकी होतं, ते मी माझ्या हाताने करवून दिलं.

घरी जाऊन विचारलं. तिने नाकारलं असतं तर मी विश्वास ठेवला असता, देवाशपथ. तिने नाकारलं नाही. शेंगा सोलत बसली होती, सोलतच राहिली. म्हणाली, पहिल्यांदा चुकून झालं. माझ्या आधी हा वर्ग घेणारे एक सर होते, त्यांची आणि साहेबांची नोंद तिच्या हातून एक झाली. दुसऱ्या दिवशी सरांची खुर्ची रिकामी, आणि कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यांचा समुद्र तेवढा साहेबांच्या पोटात राहिला. त्यांना त्रास झाला नाही गं, म्हणाली. कुणालाच कळत नाही.

मग म्हणाली, बाबा पडले तेव्हा एकीला घरी थांबावं लागणार होतं. मी थांबले. तू शिकलीस, लिहिलंस, लग्न केलंस, पोर झाली. त्यातलं निम्मं माझं होतं. पण निम्मं कसं काढून घेणार, म्हणून सगळं घेतलं.

मीठ मागावं तशा आवाजात. मी तिला म्हटलं, तू मागितलं असतंस तर मी काय दिलं नसतं? ती म्हणाली, बबडी दिली असतीस?

राग यायच्या आधी मला रडूच आलं. परक्याने केलं असतं तर दार लावून घेता येतं. आपलेच दात, आपलेच ओठ. हिने केसाने गळा कापला, आणि तो केसही माझ्याच वेणीतला. लहानपणी हीच माझी वेणी घालायची.

३ फेब्रुवारी, मंगळवार

उठले तर खाली कुणी नाही. स्वयंपाकघर आवरलेलं, ताईच्या चपला नाहीत. बबडीला आणायला गेली.

आईला फोन लावला. म्हटलं, आई, बबडीला ताईबरोबर पाठवू नकोस, हात जोडते. आई म्हणाली, बाई, तुम्ही कोण? तिने मला बाई म्हटलं. म्हणाली, माझी एकच मुलगी, ती सकाळच्या बसने निघाली लेकीला न्यायला. तुमचा नंबर चुकला असेल. आणि प्रेमाने फोन ठेवला. आई कुणाशीच तुसडेपणाने बोलत नाही.

मागोमाग जावं तर वाटेतच चुकामूक व्हायची. त्यापेक्षा इथेच. जोडलेलं तोडताही येतं, तीन पुराव्यांनी. उद्या पोरांना विनवीन. ती हुशार आहेत, मी शिकवलेली आहेत.

४ फेब्रुवारी, बुधवार

वर्गात गेले. फळ्यावर ताईचं नाव होतं, या तासाच्या शिक्षिका म्हणून. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. शंकासुराने पाहिलं.

सगळं सांगितलं. ताईचं टेबल, माझा प्रबंध, बबडी. तिने नीट ऐकून घेतलं, लिहून घेतलं, पोरगी गुणाची आहे. मग विचारलं, हे आणखी कुठे सापडेल?

मी म्हटलं, मी सांगते आहे ना.

ती म्हणाली, पण हे तुम्ही स्वतःबद्दल स्वतः सांगताय. ते पुराव्यात धरत नाहीत.

कुणी शिकवलं तुला हे, मी विचारलं.

आमच्या मॅडमनी, म्हणाली. आणि खाली ताईच्या टेबलाकडे बोट केलं.

तिची काही चूक नाही. नियम बरोबर आहे. मीच — नियम बरोबर आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

साहेब माझ्या खुर्चीवर येऊन बसले. मी उठून उभी राहिले म्हणून, नाहीतर —

त्यांना समुद्राबद्दल विचारलं. इकडेतिकडे बघितलं, आवाज कुठून आला कळलं नसावं. मग डोळे पुसले आणि स्वतःशीच म्हणाले, लाटांचा आवाज येतो कधीकधी, का ते ठाऊक नाही.

खणात सरांचा चष्मा आहे. शेजारी आता माझा रुमाल आहे, माझी केसांची पिन. मी ठेवली नाही. कुणी ठेवली —

वर्गातल्या प्रोजेक्टरवर कॅटलॉग पाहिला. मी आहे अजून. एका ओळीची. ‘पाहा’ आणि पुढे ताई. त्याच्या आधी माझं नाव असायला हवं ना, तिथे पिवळा कोपरा —

जेवले नाही. कुणी जेवायला बोलावलं नाही.

बबडी एक पुरावा. हे मी एकटीच म्हणत नाही, तीही मला ओळखते, ती स्वतःहून ओळखते, हे कुणाच्या टेबलावरून आलेलं नाही. एक तर एक. दोन नंतर बघू.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आल्या. खिडकीतून बघितलं. ताईच्या हातात तिची छोटी बॅग. बबडीने उजव्या हाताने ताईचा हात धरलेला. पुढचा दात नाही. किती वाळली आहे —

खाली पळाले. ताईच्या खोलीचं दार आतून लावलेलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून लिहिते आहे, हात थांबत नाही म्हणून लिहिते —

दार वाजवलं. आतून बबडी. कोण आहे?

मी म्हटलं, तुझी आई.

कशावरून?

देवा, तिला खेळ आठवतो. तिला आठवतो. मी म्हटलं, कारण तुझ्या डाव्या कानामागे केसांत लपलेला तीळ —

आत हसू नाही आलं. बबडी म्हणाली, ते आईने बसमध्येच सांगितलं. आई इथे आहे, माझी वेणी घालतेय.

ही वही. रोज दिव्याखाली उघडी टाकून जात होते. वहीशी बोल, म्हणाली होती. मी बोलले. सगळं दिलं तिला, तीळसुद्धा —

ताई काहीतरी पुटपुटली. मग बबडी परत दाराशी. शिकवल्यासारखं, हळू, नीट. अनोळखी माणसाला आधी नाव विचारायचं असतं. तुमचं नाव काय?

तुमचं. मला तुम्ही म्हणाली.

सांगते बाळा. थांब हं. वही पुढून चाळते आहे. पहिल्या पानावर धाकटीस. नुसतं धाकटीस. पुढे पण नाही, कुठेच — मीच नियम केला होता ना, कुणाचंच — फळ्यावर लिहिलं होतं मी, खडूने, पहिल्या दिवशी, पहिलं अक्षर ताईचं तेच, त्याच्यापुढे —

ती परत विचारते आहे. मोठ्याने. दाराची कडी वाजली.

सांगते. माझं नाव